पाटलीणबाईंचा वर्षावास

रिठदच्या त्या गल्लीत पाटलाचं एकही घर नव्हतं, पण पाटलीण होती. चौदा वर्षांची, राखाडी, डाव्या कानाला खाच पडलेली, आणि चालायची अशी की जणू अख्ख्या गल्लीचा सातबारा तिच्याच नावावर. नाव ठेवलं जानराव गुरुजींनी. पिल्लू असताना ती घरात शिरली, सरळ गुरुजींच्या खुर्चीत जाऊन बसली आणि उठवायला गेले तर फिस्कारली. "घ्या! पाटलीणबाई आल्या. आपुन खाली बसा आता," गुरुजी म्हणाले, आणि खरंच खाली बसले. तेव्हा त्यांची धम्मदीपा वर्षाची होती. दोघी एकाच गोधडीत वाढल्या. फरक इतकाच की धम्मदीपा आता कुठे दहावीत पोचली होती आणि पाटलीण म्हातारी झाली होती.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की गुरुजींच्या घरात तीन महिने मटण नाही, मासळी नाही, अंडंसुद्धा नाही. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, आणि वाचणार गुरुजीच. आवाज असा खणखणीत की भिंतीला टेकून डुलक्या घेणारी म्हातारीसुद्धा दचकून "साधू" म्हणायची. इतर वर्षी हे तीन महिने पाटलीण आपलं आपण बघून घ्यायची. सोयाबीनच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उंदरांना काय तोटा! यंदा ती धुऱ्यावर गेलीच नाही. दूधभाकरीचं ताट हुंगायची, ओठ चाटायची, जणू खाणारच आहे, आणि मान फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी वाचन संपल्यावर कुणीतरी विचारलं, "गुरुजी, तुमची पाटलीण दिसून नाई राह्यली?"

"तिनंबी वर्षावास धरला यंदा," गुरुजी म्हणाले. "मी तं निस्तं मटन सोडलं, तिनं सारंच सोडलं. माह्यापेक्षा पक्की उपासिका हाय."

सगळे हसले. गंमतच होती ती. गुरुजींना गंमत करता यायची आणि लोक हसले की त्यांना आणखी दोन सुचायच्या. पण महिला मंडळाच्या बेबीताई हसल्या नाहीत. त्यांनी पांढऱ्या पदराच्या टोकाने डोळे टिपले. "मुकं जनावर," त्या म्हणाल्या, "पन त्याले समजलं. आपल्याले नाई समजत."

झालं! दुसऱ्या दिवशी बेबीताई स्वतः येऊन पाटलीणला उचलून विहारात घेऊन गेल्या. पाटलीण अंगात जीव नसल्यामुळे गप्प बसली. लोकांना वाटलं, ऐकतेय. अशक्तपणामुळे तिचे डोळे मिटले. लोकांना वाटलं, ध्यान लागलं. बेबीताईंची सून अंजू मोबाइल घेऊन तयारच होती. तिने व्हिडिओ काढला, खाली लिहिलं 'वर्षावास पाळणारी मांजर', आणि आठवड्याभरात तो मानोऱ्यापर्यंत पोचला. रविवारी केनवडहून माणसं यायला लागली. गुरुजी शिकवायचे त्या गावातसुद्धा चहाच्या टपरीवर त्यांना 'मांजरवाले गुरुजी' म्हणू लागले. गुरुजी वरवर म्हणायचे, "काय पन लोकं," आणि इस्त्रीचा शर्ट घालायचे.

ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना शिकवलं की कोणतीही गोष्ट कुणी सांगितली म्हणून मानू नका, स्वतःच्या बुद्धीला पटली तर माना, त्याच माणसाच्या घरात हा चमत्कार तयार झाला होता. आणि तो माणूस त्याला इस्त्री करत होता.

पाटलीण दिवसाकाठी दोन-चार जिभा दूध चाटून होती, तेवढंच. धम्मदीपाला कळलं ते पाठीवरून हात फिरवताना. मणके असे लागले हाताला, जसे वाळलेल्या चिंचेतले चिंचोके. तिने पाटलीणला ओढणीत गुंडाळलं आणि तडक सायलीचा मळा गाठला. सायली तिच्याच वर्गात होती. तिच्या घरची वांगी, मेथी, दोडकी रोज बाजारात जायची, म्हणून मळ्यातल्या झोपडीत इलेक्ट्रॉनिक काटा होता. काट्यावर प्लास्टिकचं कॅरेट ठेवलं, आकडा शून्य केला, आणि कॅरेटमध्ये पाटलीण.

"दोन किलो चारशे दहा," सायली म्हणाली. संक्रांतीला त्यांनी गंमत म्हणून मोजली होती तेव्हा ती तीन किलो सहाशे भरली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून दोघी रिसोडला गेल्या, जनावरांच्या डॉक्टरकडे.

"म्हैस कुठं बांधली?" डॉक्टरांनी वर न बघताच विचारलं.

"म्हैस नाही सर. पाटलीण आहे," धम्मदीपा म्हणाली, आणि कागद खाली ठेवून डॉक्टर पोट धरून हसले. पण पाटलीणचं तोंड उघडून पाहिलं, कातडी चिमटीत धरून सोडली, पोट चाचपलं, तेव्हा त्यांचं हसू गेलं होतं.

"किडन्या गेल्या बेटा हिच्या. म्हातारपण आहे. बऱ्या होत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. खाल्लं तर जगेल. वर्षभरही जगेल. नाही खाल्लं तर दोन आठवडेही नाही. पण मांजराची जात अशी आहे, उपाशी राहिलं की लिव्हर बिघडतं. दिवसाला सव्वाशे ग्रॅम पोटात गेलंच पाहिजे. एकदम नाही, आठ-दहा वेळा, थोडं थोडं. कोमट करून दे, म्हणजे वास येतो. ताटली जरा उंच ठेव. मळमळीचं औषध देतो."

"काय देऊ खायला?"

"पथ्यबिथ्य आता राहू दे. कोंबडीची कलेजी, मासळी, जे खाईल ते. दूधभाकरीवर मांजर जगत नसते."

एसटीत बसल्यावर धम्मदीपाने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: १२५. आणि खाली दोन रेघा ओढल्या.

धम्मदीपा आता ती जुनी धम्मदीपा राहिली नव्हती, हे इथे सांगायला पाहिजे. नववीपर्यंत बाईंनी नाव घेतलं तरी तिच्या तळव्यांना घाम फुटायचा. पण याच जुलैत ती तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली आणि पहिली आली. ढाल टीव्हीवर होती. तेव्हापासून तिला शोध लागला होता की आपण नीट उभं राहून, आवाज लावून, मुद्देसूद बोललो की लोक ऐकतात. आणि बापा! एवढी मोठी गोष्ट हातात आल्यावर कोण ठेवून देईल! ती भाजीवाल्याशीसुद्धा मुद्देसूद बोलू लागली होती.

तर संध्याकाळी तिने मुद्देसूद मांडलं. किडनी, लिव्हर, सव्वाशे ग्रॅम.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. ते दुष्ट नव्हते. पाटलीणला मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या कानामागे खाजवलंसुद्धा. "पनीर आनतो," ते म्हणाले. "खीर देऊ. पेढे देऊ."

"बाबा, कलेजी सांगतली डॉक्टरनं."

"या घरात? आत्ता?"

"तिच्यापुरती. बाहेर शिजवतो मी, चुलीवर."

"धम्मे, या घरावर अख्ख्या तालुक्याचा डोळा हाय आता. कलेजीचा वास गल्लीभर जाते. लोकं काय म्हनतीन? गुरुजी वाचते एक अन् शिजवते एक?"

"मंग सांगा न लोकायले, की ती बिमार हाय. गंमत केली होती म्हना."

गुरुजी पाटलीणचा कान खाजवत राहिले. ते हो म्हणाले असते तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं. पण गेल्या तीन आठवड्यांत दीडदोनशे माणसं त्या गमतीच्या पाया पडून गेली होती. त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तथागतानं मांजरीले कुठं सांगतलं उपाशी राह्य म्हनून?" धम्मदीपा म्हणाली.

"ढाल भेटली म्हनून बापाले शिकवू नको," आई रत्नमाला आतून ओरडली. मग पोळपाट ठेवून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आश्विन पौर्निमेलोक थांब माय. मंग मी सोता बोंबील भाजून देईन तिले."

आश्विन पौर्णिमेला अजून दोन महिने होते. आणि पाटलीणकडे, डॉक्टरांच्या हिशेबाने, दोन आठवडेही नव्हते.

म्हणून मळ्यात शिजू लागलं. सायलीच्या आजीची, गिरजाबाईची परवानगी काढावी लागली, कारण त्यांच्या घरी श्रावण. गिरजाबाई वाफ्यातलं तण उपटता उपटता म्हणाल्या, "आमाले सावन हाय. मांजरीले कोनता सावन? शिजव. विहिरीमांगं शिजव, खोपटात नको." आणि एक काळं पडलेलं, कान तुटलेलं जर्मनचं पातेलं काढून दिलं. "अन् हे इकडं आनजो नको मंग. तिकडंच राहू दे, तुह्यापाशी."

ते कलेजीमुळे की आपल्यामुळे, असा प्रश्न धम्मदीपाच्या मनात येऊन गेला. पण तिला त्या वेळी उत्तर नको होतं, पातेलं हवं होतं.

शाळा रिसोडलाच, सुटली की तिथल्या स्टँडजवळच्या चिकनच्या दुकानातून कलेजी. संध्याकाळी विहिरीमागे तीन विटांवर पातेलं. उरलेली डबीत घालून रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरायची, म्हणजे सकाळी शाळेच्या आधी पुन्हा. घरी सांगायचं, पाटलीणला मळ्यात फिरवून आणते. पहिल्या दिवशी पाटलीणने कोमट कलेजी हुंगली आणि धम्मदीपाकडे असं पाहिलं, की इतके दिवस कुठं मेली होतीस? पण खाल्ली नाही. धम्मदीपाने ती बोटांनी चुरून मऊ केली, बोटाच्या टोकाला लावली, बोट तिच्या ओठाला. जीभ बाहेर आली. खरखरीत, छोटीशी, गुलाबी जीभ! एकदा. पुन्हा. पुन्हा.

"खाल्लं! सायले, खाल्लं वं!" धम्मदीपा अशी किंचाळली की वांग्यातले बगळे उडाले.

"अवं हळू! अख्ख्या रिठदले जेवाले बोलावतं का?"

पहिल्या दिवशी बावीस ग्रॅम. मग अठ्ठावीस. मग पंचावन्न. दहाव्या दिवशी एकशे दहा, आणि कॅरेटमध्ये दोन किलो चारशे नव्वद. त्या दिवशी पाटलीणने स्वतःचं तोंड पंजाने पुसलं, कितीतरी दिवसांनी. धम्मदीपाला वाटलं, आपण जिंकलो. विहारात लोक म्हणत, "पाहा, उपाशी राहूनबी तेज चढून राह्यलं तोंडावर." धम्मदीपा ओठ दाबून हसायची. एका हाताने चमत्कार तर एका हाताने कलेजी, चालू दे!

नुसतं चालू दिलं असतं तर!

तो रविवार होता. केनवडहून एक टेम्पो भरून माणसं येणार म्हणून बेबीताईंनी लवकर आवाज दिला. धम्मदीपा मळ्यातच होती, वहीत ऐंशी ग्रॅम झाले होते, आणि तिला सव्वाशेचा आकडा पहिल्यांदा गाठायचा होता. थोडं थोडं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं. पण आकडाही समोर दिसत होता. तिने पंचेचाळीस ग्रॅम एकाच वेळी भरवली.

वाचन अर्ध्यावर आलं असेल. बेबीताईंच्या मांडीवरून पाटलीण उतरली, दोन पावलं चालली, तिच्या पोटाने तीन हिसके दिले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पांढऱ्याशुभ्र चादरीवर ती ओकली.

तपकिरी तुकडे. वास.

गुरुजींचा आवाज थांबला. मग मागून जानरावांचा मावसभाऊ राजपाल म्हणाला, "उंदीर धरला वाट्टे बाईनं!" आणि सगळा विहार फुटला हसून. केनवडची माणसं हसली. म्हाताऱ्या हसल्या. गुरुजींच्या कपाळावरची शीर सैल झाली. "जनावर हाय शेवटी," ते म्हणाले. "आपल्याकडून नाई होत तिथं तिच्याकडून काय?" अंजूने कापड आणलं. संपलं होतं. उद्या पाटलीण व्रत मोडलेली साधी मांजर झाली असती आणि विहिरीमागचं पातेलं चालू राहिलं असतं.

पण धम्मदीपा उभी राहिली.

ती का उभी राहिली, हे तिने नंतर स्वतःला शंभर वेळा विचारलं. खरं बोलावं म्हणून, असं ती आधी म्हणायची. पण खरं बोलायला बसूनही येतं. समोर पन्नाससाठ माणसं होती, सगळ्यांची तोंडं एका दिशेला होती, आणि तिला तो आवाज सापडून फक्त दीड महिना झाला होता.

"आदरणीय उपासक-उपासिकांनो," ती म्हणाली, तीच ढालवाली भाषा, "हा उंदीर नाही. ही कोंबडीची कलेजी आहे. गेले पंधरा दिवस मी ती सायलीच्या मळ्यात शिजवून हिला भरवते आहे. ही मांजर व्रत करत नव्हती. ही आजारी आहे. हिच्या किडन्या निकामी आहेत, हे माझ्या वडिलांना माहीत होतं, आणि तरीही त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. तथागतांनी आपल्याला विचार करायला शिकवलं. आपण काय केलं? एका भुकेल्या जनावराच्या पाया पडलो!"

शेवटचं वाक्य फार छान जमलं होतं. स्पर्धेत अशा वाक्यानंतर टाळ्या पडतात. ती थांबली, टाळ्यांसाठी.

कुणी हललं नाही. आईने पदर तोंडात धरला होता. गुरुजी ग्रंथावरच्या रुमालाच्या घड्या घालत होते. एक घातली, मोडली, पुन्हा घातली.

घरी आल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं होतं. "तू मले एकट्यात म्हनली असती," ते म्हणाले.

"म्हनलं होतं बाबा. घरात म्हनलं होतं."

पाटलीणला त्यांनी पुढच्या खोलीत ठेवलं, आतून कडी घातली, बाहेर जाताना कुलूप. "मांजर माही हाय. मी चारतो तिले. पाहू कशी खात नाई."

दुसऱ्या दिवशी सायली एसटीत शेजारी बसली नाही. "तुले मळ्याचं नाव घ्याची काय गरज होती?" ती उभ्याउभ्या म्हणाली. "सावनात आमच्या मळ्यात कलेजी शिजली म्हनून लोकं आजीले बोलून राह्यले. तिनं ते पातेलं विहिरीत फेकलं." यापुढे ती बोलली ते फक्त परीक्षेच्या फॉर्मबद्दल.

धम्मदीपाने तरी कलेजी आणली, दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकामागे. आईला वास आला. "तुह्या पाया पडतो," आई म्हणाली, आणि खरंच वाकली. "आठ दिवस तुह्या बापाची इज्जत राहू दे." पुडी उकिरड्यावर गेली.

पुढच्या खोलीत गुरुजी खाली मांडी घालून बसायचे. पनीर, खीर, साय, पेढा, सगळं वाटीत मांडून. "खाय वं. एक घास खाय. माह्यासाठी खाय, बाई." दाराच्या फटीतून धम्मदीपाला दिसायचं. त्यांचा तो खणखणीत आवाज इतका बारीक झालेला तिने कधी ऐकला नव्हता. पाटलीण मान फिरवायची. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी तिच्या कानांची आतली कातडी हळदीसारखी पिवळी झाली.

"बाबा, लिव्हर गेलं तिचं," धम्मदीपा दाराबाहेरून म्हणाली. साधं, मुद्द्याशिवाय.

पाचव्या दिवशी सकाळी मोटारसायकलच्या आवाजाने तिला जाग आली. तासाभराने गुरुजी परत आले. हातात त्यांचा शाळेचा जेवणाचा डबा. त्यांनी कडी न लावता दार नुसतं लोटलं, आणि मग तो वास आला. तिने दार ढकललं. बाबांनी रिसोडहून कलेजी आणली होती, कुठून तरी शिजवूनही आणली होती, आणि दोन बोटांनी चुरत होते. तिला विचारलं नव्हतं, पण ती दाराबाहेरून 'बोटाला लावून द्या' म्हणायची ते ऐकलं असावं, कारण त्यांनी ती बोटाच्या टोकाला लावली आणि बोट ओठाशी नेलं.

पाटलीणने डोळे उघडले. जीभ बाहेर आली. एकदा चाटलं. दुसऱ्यांदा चाटलं. तिसऱ्यांदा जीभ बाहेर आली ती आत गेली नाही.

दहा वाजेपर्यंत गल्ली जमली. विहाराच्या मागे खड्डा खणला. बेबीताई पांढऱ्या साडीत, हातात फुलं घेऊन आल्या होत्या. कलेजीचं ओकणं त्यांच्या लेखी आता उंदरावरच मिटलं होतं. पोरीचं भाषण त्यांनी पोरबुद्धी म्हणून सोडून दिलं होतं.

"गुरुजी," त्यांनी विचारलं, "शेवटले काई घेतलं का जी तिनं तोंडात?"

गुरुजी खड्ड्याकडे बघत होते. "पान्याचा थेंबबी नाई."

"साधू," बेबीताई म्हणाल्या. "मोडलं होतं थे पुरं करून गेली माय." आणि सगळ्यांनी म्हटलं, साधू, साधू, साधू.

"खाल्लं तिनं," धम्मदीपा म्हणाली. उभं राहण्याचा प्रश्न नव्हता, सगळेच उभे होते. "आज सकाळी. कलेजी. बाबांच्या बोटावरून. दोन वेळा चाटलं. मी पाह्यलं."

ऐकलं सगळ्यांनी. बेबीताईंनी तिला जवळ ओढलं, डोकं छातीशी दाबलं. "लय जीव होता पोरीचा," त्या इतरांना म्हणाल्या. "काई सुचून नाई राह्यलं तिले." कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मूठभर माती उचलली, खड्ड्यात टाकली, आणि दुसरी मूठ भरायला वाकले.

घरी आल्यावर गुरुजी मोरीत हात धुवायला बसले. मातीचे हात. त्यांनी साबण लावला, धुतले, उजव्या हाताची दोन बोटं नाकाशी नेली आणि पुन्हा साबण घेतला. धम्मदीपा तांब्याने पाणी ओतत होती. ते वर बघून थांबले, जणू ती काही बोलेल, निदान आता तरी, चार शिव्या तरी. तिला बोलता येत होतं. मुद्देसूद येत होतं.

तिने तांब्या पुन्हा भरून घेतला.